चिंचेपाशीचा फोन

१

आमच्या गावात भाकर फोनवर टाकतात. हसू नोका, खरं सांगून रायली.

अकोल्याहून बार्शीटाकळीकडं येताना आमच्या गावचा फाटा लागते. आत वळलं का रस्ता नाल्याच्या खोलगटात उतरते. तिथी मोबाइलले रेंज नाई. मंग चढ चढून वर आलं का एक मोठी चिंच हाये, अन् तिच्या बुडाशीच रस्ता झटकन डावीकडं वळते. रेंज परत येते ती बराबर तिथीच. म्हणून पोट्टा असो का पोट्टी, बाजारातून गाडी घेऊन परत येताना चिंचेपाशी घरी फोन लावते. 'चिंचेपाशी आलो, भाकर टाक.' चिंचेपासून गाव एवढंच दूर, का तव्यावरची भाकर फुगली न फुगली तं गाडी अंगणात. गरम भाकर ताटात पडते. अन् फोनले उशीर झाला तं घरची बाईच लावते, 'कुठवर आला रे?' हे कोणं सुरू केलं, मालूम नाई. टॉवर आला तवापासून असन.

मी रुख्मिणी. माहेर कौंडण्यपूरकडचं. तिकडं घरोघरी एक तरी रुख्मिणी असतेच. देवी रथात बसून पळून गेली म्हणतात, मी तं मुकाट्यानं एसटीत बसून सासरी आली. तोंड मात्र माहेराहून घेऊन आली, असं वर्षालीचे बाबा म्हणतात. त्यांचं नाव देवीदास. आमी फुलं लावतो. झेंडू, शेवंती, निशिगंध. त्यांच्या गुडघ्यानं जवाब दिला तवापासून आमचा छोटा हत्ती टेम्पो वर्षाली चालवते. एकच पोरगी. पहाटे फुलं भरून अकोल्याले जाते अन् ऊन तापाच्या आत परत येते. गाडी अशी चालवते का गावातले मर्द बाजूले होतात. एकच खोड. एक हात स्टेअरिंगवर अन् एक हात फोनवर. कधी व्यापारी, कधी मैत्रिणी, कधी ते नाचगाण्याचे व्हिडिओ. समोर फोन अडकवाची पट्टी लावली हाये, तिच्याकडं पायते जास्त अन् रस्त्याकडं कमी.

तिच्याच वर्गातला शुभम, आमच्या शेजारच्या पार्बताबाईचा, मागच्या पोळ्यानंतर त्या चिंचेपाशीच गेला. मोटरसायकलवर होता, फोन कानाले, अन् वळणावर समोरून ट्रॅक्टर. पार्बताबाईनं इकडं भाकर टाकली होती. ते तव्यावर जळून कोळसा झाली. वास आमच्या अंगणापर्यंत आला. आमाले वाटलं, बाई वावरात गेली असन अन् चूल विसरली असन.

तेरवी झाली, अन् गावात परत चिंचेपासून फोन याले लागले. पोट्टे ऐकतात का कोणाचं?

२

त्या दिवशी मी परातीत पीठ मळून रायली होती. फोन वाजला. नाव वर्षालीचं.

'आई, चिंचेपाशी आली. भाकर टाक.'

'टाकतो,' मी म्हटलं.

भाकर थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटवली. फुगली. टोपलीत ठेवली. गाडी आली नाई. म्हटलं, कोणी भेटलं असन रस्त्यात. दुसरी टाकली. तेही झाली. आमच्या गाडीचा मागचा फाळका ढिला हाये, त्याचा खडखडाट दूरून ऐकू येते. काहीच नाई. चुलीत पऱ्हाटीच्या काड्या तडतडत होत्या, तेवढाच आवाज.

मिठासाठी फळीवर हात केला अन् हात तसाच रायला. मिठाच्या बरणीमागं वर्षालीचा फोन होता. पिवळं कव्हर, कोपरा खरचटलेला, चार्जरले लावलेला. पोरगी घरीच विसरून गेली होती. उचलून पायला तं थंडगार.

मंग माह्यासंगं कोण बोललं?

माहं डोकं शाबूत हाये, हे पहिले सांगून ठेवतो. मी अंगात येणारी बाई नाई, अन् ज्याच्या त्याच्या नावानं निंबू उतरवणारीही नाई. मी तिथीच उभी राहून विचार केला. दुसऱ्याच्या फोनवरून बोलली म्हणावं तं नाव तिचंच उमटलं होतं. कालचा फोन मले आजचा वाटला म्हणावं तं माह्या फोनमंधी तो आत्ताचाच दिसून रायला होता. तिचा फोन उघडला. तो कसा उघडतात ते मले मालूम हाये, हे तिले मालूम नाई. त्यात आज सकाळपासून कोणालेच फोन केलेला नव्हता.

वर्षाली आली तवा ऊन डोक्शावर आलं होतं. अकोल्यातच टायर पंक्चर झालं होतं, अन् स्टेपनीही बसलेली. तव्यावर भाकर फुगत होती तवा माही पोरगी बाजारातून निघालीही नव्हती.

'फोन घरी रायला वं आई,' ती म्हणली. 'सकाळपासून हात रिकामा रिकामा वाटला.'

देवीदासले सांगतलं. ते म्हणले, 'नेटवर्कचा घोळ असन. कालचा आवाज आज सोडला असन त्यायनं.'

'त्यायले बरं मालूम, मी आत्ताच पीठ मळून रायली ते!'

वर्षालीनं थंड भाकर खाल्ली अन् जेवताना एका हातानं फोन पायत बसली.

३

दुसऱ्या दिवशी मी पार्बताबाईकडं गेली. काहून गेली, ते सांगता येत नाई. शुभम गेल्यापासून बाई कोणासंगं जास्त बोलत नसे.

दार लोटलेलं होतं. आत गरम भाकरीचा वास. नवरा वावरात गेलेला, घरात बाई एकटी, तरी ताटं दोन. एका ताटात भाकर, वर ठेचा, बाजूले बुक्कीनं फोडलेला कांदा. शुभमले कांदा चिरलेला चालत नसे, बुक्कीनं फोडलेलाच लागे, हे गल्लीतल्या लेकराले मालूम हाये.

'कोण येऊन रायलं, पार्बताबाई?'

'बस वं रुख्मा. फोन येतेच आता.'

'कोणाचा?'

ती माह्याकडं पाहून हसली. भोळं हसली. 'त्याचा ना.'

'तुमी तं तो नंबर बंद केला होता.'

'केला ना. तरी येते, रोज येते. तो म्हणते भाकर टाक, मी म्हणतो टाकतो. एवढंच बोलणं. एवढ्यानं कोणाचं काय जाते?'

मले भडभडून आलं. बाईचं मन फिरलं म्हणून रडू आलं, अन् थोडा रागही आला, का आमी शेजारी असून आमाले हे कळलं नाई. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तं फोन वाजला.

तिनं कानाले लावला. तिचं तोंड असं उजळलं का मले पाहवलं नाई, मी खाली पायलं. 'हो रे बापू, टाकली ना,' ती म्हणली, अन् फोन माह्या कानाले लावला. 'ऐक एकडाव. म्हणजे मले बह्याड समजणार नाई तू.'

पहिले वारं ऐकू आलं. मंग मोटरसायकलच्या इंडिकेटरचा आवाज. टिक, टिक, टिक. कोणी वळाले थांबावं अन् वळूच नये, तसा. मंग शुभम बोलला. तोच जरासा नाकातला आवाज.

'आई, चिंचेपाशी आलो. भाकर टाक.'

मी श्वास रोखून धरला. देवाची आण, माह्या तोंडातून एक शब्द निघाला नाई.

'रुख्माकाकू आली का तिथी?' तो म्हणला. 'काकू, वर्षाली कुठवर आली?'

मी फोन फेकला. तो खाटेवर पडला. पार्बताबाईनं उचलला, पदरानं पुसला, अन् माह्याकडं असं पायलं का जसं मीच तिच्या लेकराले ढकललं.

'त्याले वाईट वाटन ना वं,' ती म्हणली.

४

घरी येऊन मी वर्षालीले म्हटलं, 'उद्यापासून गाडीत फोन नाई.'

'वा! अन् व्यापाऱ्याचा फोन आला तं?'

'व्यापारी मरत नाई फुलांबिगर.'

'आई, तू पार्बताकाकूच्या नादी लागून रायली. त्यायचं दुःख हाये, समजतो मी. पण तू शिकली-सवरलेली ना?'

'मी दहावी नापास हाये. अन् तू पुढं पाहून गाडी चालवशील का नाई, तेवढं सांग.'

'मी दोन्ही पायतो. आमची नजर तुमच्यापेक्षा फास्ट हाये.'

अशी भांडणं. भांडण तिलेही येते, माहीच पोरगी हाये. दार आपटून गेली. मी तिच्या पाठीमागं ओरडली, मंग चुलीपाशी बसून रडली, अन् मंग माह्या रडण्याचाच मले राग आला.

त्याच आठवड्यात कुंदनचा ऑटो चिंचेवर आदळला. कुंदन म्हणजे गल्लीच्या टोकाशी राहणाऱ्या आरतीचा पोट्टा. वाचला, मांडीचं हाड मोडलं. अकोल्याच्या दवाखान्यात आमी दोघी मायलेकी पाहाले गेलो. पाय वर टांगलेला, तोंड पांढरं.

'काय झालं रे बापू?'

'घरून फोन आला काकू. स्क्रीनवर आई लिहून होतं. उचलाले खाली पायलं, अन् वर पायलं तं चिंचच.'

आरती बाजूले उभी होती. ती म्हणली, 'मी कुठी केला रे फोन? तूच केला ना मले. चिंचेपाशी आलो म्हटलं तू. मी टाकतो म्हटलं, अन् तिकडं आवाज आला धाडकन.'

'मी नाई केला,' कुंदन म्हणला.

'मी बी नाई,' आरती म्हणली.

दोघं एकमेकाकडं पायत रायले. पंखा वर घुंघुं करत होता. मी वर्षालीकडं पायलं. तिनं हातातला फोन हळूच पर्समंधी टाकला होता. पण गाडीत बसल्यावर म्हणते कशी, 'योगायोग असन आई.' आवाज मात्र तिचा बारीक झाला होता.

'ऐकून ठेव,' मी म्हटलं. 'गाडीत असताना घरून फोन आला तं तो माहा नसन. मी करणारच नाई.'

५

मले आपल्या डोळ्यानं पाहाचं होतं. जे दिसत नाई त्याले मी भेतो, जे दिसलं त्याच्यासंगं भांडता येते.

सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. मी झेंडूची टोपली घेऊन चिंचेसमोर, वळणाच्या अलीकडच्या कडेले उभी रायली. कोणी विचारलं तं ऑटोची वाट पाहून रायली म्हणावं. खालून गाड्या चढत होत्या. पहिले एक मोटरसायकल. पोट्टा सरळ समोर पायत येऊन रायला होता, अन् बराबर चढाच्या टोकाशी त्याच्या खिशात टुंग टुंग टुंग सुरू झालं. नाल्यात अडकलेले सारे मेसेज एकदमच येऊन पडले. त्याची मान खाली गेली. मंग पिकअपवाला, त्याची मान खाली. मंग एक पोरगी स्कुटीवर, तिचीही. सारे त्याच जागी माना घालत होते, देवळासमोरून जाताना घालतात तशा. अन् मान वर येईपर्यंत गाडी वळणात असे.

मी सोताशीच म्हटलं, घ्या! याच्यात भूत कुठी हाये? रेंजच इथी येते, पोट्टे खाली पायतात, अन् आदळतात. सरळ गोष्ट हाये. मले एवढं बरं वाटलं का मी हसली.

मंग आमचा छोटा हत्ती चढावर आला. फाळक्याचा खडखडाट मी वळखला. वर्षालीनं फोन पट्टीवर लावलेलाच होता, लबाड पोट्टी. तिची मान खाली गेली, अन् नेमकं तवाच माही नजर चिंचेकडं गेली.

चिंचेखाली दाट सावली असते. त्या सावलीत, बुंध्याशेजारी ओळीनं, काहीजण उभे होते. माना खाली. हात पोटाशी, काही धरल्यासारखे. तोंडावर खालून निळसर उजेड. भर उन्हात तो उजेड दिसत होता. चेहरे मी नीट पायले नाई. एक शर्ट पायला, निळा, चौकडीचा. शुभम त्या दिवशी घालून गेला होता तो. ओळीच्या शेवटी एक जागा रिकामी होती. सारे जरा जरा सरकून उभे होते, कोणासाठी तरी जागा केल्यासारखे.

त्यातल्या एकाची मान हळूहळू वर याले लागली. वर्षालीच्या गाडीकडं.

मी बोंबलली. काय बोंबलली ते आठवत नाई, पण टोपलीतला झेंडू सारा रस्त्यावर फेकला. वर्षालीनं दचकून मान वर केली, करकचून ब्रेक दाबला, गाडी वळणाच्या कडेले टेकून थांबली. चिंचेखाली पायलं तं नुसता पाचोळा.

'बह्याड झाली का वं आई?' पोरगी ओरडली.

मी गाडीचं दार उघडलं, पट्टीवरचा फोन काढला अन् माह्या बटव्यात टाकला. घरापर्यंत गाडी वर्षालीनं दोन्ही हातांनी चालवली.

६

ठरलं असं. फोन स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, डबा मागं फुलांच्या पोत्याखाली. अकोल्यात पोचल्यावर काढाचा, निघताना परत ठेवाचा. वर्षाली तोंड वाकडं करून हो म्हणली. देवीदासनं डबा सोता पुसून दिला.

सकाळी मी चूल पेटवली. तवा ठेवला. तो सवयीनंच ठेवला गेला. पीठ मळत होती अन् फोन वाजला. वर्षाली.

'उचलू नोको,' देवीदास म्हणले.

वाजत रायला. थांबला. परत वाजला. घरात तेवढाच आवाज, अन् खाली चुलीतली पऱ्हाटी. मी पिठाच्या बोटानं उचलला. मले ऐकाचं होतं.

'आई, चिंचेपाशी आली. भाकर टाक.'

मी चूप.

'आई, ऐकून रायली का? भाकर टाक ना वं.'

मी चूप. मंग ते रडाले लागली. माह्या पोरीचं रडणं हाये ते, लहानपणी ताप आला का रडे तसंच, मधातच हुंदका गिळून. 'आई, लागलं वं मले. गाडी पलटली. रक्त येऊन रायलं. टाकतो म्हण ना, आई. एकडाव म्हण.'

देवीदासनं तोंडावर हात घेतला. 'खरंच लागलं असन तं?' ते म्हणले. 'रुख्मा, खरंच लागलं असन तं?'

तुमी सांगा, कोणत्या आईचं काळीज फाटणार नाई? माहं फाटलं. जीभ वळवळली, 'टाकतो' ओठापर्यंत आलं. पण मी म्हटलं ना, डोकं शाबूत हाये. डब्यातला फोन पोत्याखालून कोणं काढला? अन् माही पोरगी रस्त्यावर रक्तात पडली तं आईले पाणी मागन, बापाले बोलावन, का भाकर मागन?

'तू माही नाई,' मी म्हटलं. 'अन् भाकर तं मी तुह्या बापालेही टाकणार नाई.'

मी घागर उचलली अन् सारं पाणी चुलीत ओतलं. फस्सकन धूर झाला. तवा लाथेनं उलटवला. फोनमंधून आवाज याचा थांबला, पण फोन बंद झाला नाई. वारं ऐकू येत होतं, अन् टिक, टिक, टिक. धुरात आमी दोघं नवराबायको भिंतीले टेकून बसलो. किती वेळ बसलो, मले सांगता येत नाई. लय वेळ.

मंग फाळका खडखडला.

वर्षाली उतरली ते सरळ माह्या गळ्यात पडली. 'आई, डबा वाजत होता,' ती म्हणली. 'नाल्यात रेंज नसते, तिथूनच वाजाले लागला. तुहीच रिंग. मी मान वळवतच होती वं मागं. मंग म्हटलं, आई म्हणली होती मी करणार नाई. समोर पायलं तं वळणावर कापसाची गाडी आडवी.'

त्या दिवशी आमी कोणीच जेवलो नाई. संध्याकाळी देवीदासनं सोता खिचडी लावली.

७

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या साऱ्या बायांले अंगणात बोलावलं अन् सांगतलं. आजपासून फोनवर भाकर टाकाची नाई. गाडी अंगणात, माणूस ओट्यावर, हातपाय धुतले, मंग तवा. अन् 'कुठवर आला' हे विचाराचंच नाई. थोड्या हसल्या. एक म्हणली, गरम भाकर नाई मिळाली तं पोट्टा रुसन. मी म्हटलं, रुसू दे, रुसाले जित्ता लागते. आरतीनं माही बाजू घेतली, कुंदनच्या पायातली सळई तिनं पायली होती. पार्बताबाई उठून गेली.

पण मले ती रिकामी जागा दिसत होती. डोळे मिटले का दिसे. पोरगी एक दिवस ऐकन, वर्षभर ऐकन, कधी तरी तिची मान जाईनच खाली. जागा तयारच हाये तिथी. तवा मी ठरवलं, जागाच खाली ठेवाची नाई.

आता सकाळी वर्षाली परत याच्या आधी मी चिंचेखाली जाऊन बसतो. गोणपाटाचा बोरा टाकतो, फुलांचे हार मांडतो. बराबर त्याच जागी, ओळीच्या शेवटी. गाडी चढावर दिसली का ओरडतो, 'मुंडी वर! समोर पाय!' पोट्टे चिडवतात. एकानं माहा व्हिडिओ काढला, गावात मले 'मुंडीवर काकू' म्हणतात. म्हणू द्या. मान वर करून चिडवतात ना, मंग झालं.

बाजूले थंड लागते, भर उन्हात. कधी जळलेल्या भाकरीचा वास येते. कधी कानापाशीच टिक टिक होते. मी तिकडं पायत नाई, पण चूपही बसत नाई. 'सरक जरा,' म्हणतो, 'माहे हार चुरगाळून रायला.' बाप्पा, भ्या वाटते, खोटं कशाले सांगू? पण भ्या वाटलं म्हणून जागा सोडली तं ते कोणाची होईन, ते मले पक्कं मालूम हाये.

एक दिवस पार्बताबाई आली, पदराखाली भाकर झाकून. बुंध्यापाशी ठेवली, बाजूले बुक्कीनं फोडलेला कांदा. 'इथीच खाय रे बापू,' ती म्हणली. 'फोन नोको करू आता. आई येत जाईन.' मंग माह्या बोऱ्यावर बसून लय रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खालून एक पिकअप चढत होता, तं डोळे पुसून तीच माह्या आधी ओरडली, मुंडी वर म्हणून.

तवापासून तिथी कोणी पडलं नाई. याले योगायोग म्हणाचं तं म्हणा.

८

परवा मले ताप होता. वर्षालीनं दटावलं, आज चिंचेपाशी बसाचं नाई म्हणून. मी घरी रायली. तिची याची वेळ होत आली तशी उठून पीठ तेवढं मळून ठेवलं. चूल थंडी. तवा भिंतीले टेकलेला.

देवीदासचा फोन वाजला. त्यायनं पायलं अन् त्यांचं तोंड उतरलं. मले दाखवला. नाव माहं होतं. माहा फोन माह्या कमरेच्या बटव्यात होता, मी हात लावून पायला.

त्यायनं उचलला अन् आवाज मोठा केला.

'अवो,' माहा आवाज म्हणला. बराबर माहा, जरा तापानं बसलेला. 'चिंचेपाशी आली. भाकर टाका.'

मी चुलीच्या कठड्याले धरलं. म्हणजे आज जागा खाली होती, अन् त्या चिंचेखालच्यायले माही आठवण झाली. मी ज्या जागेवर रोज हक्कानं बसतो, ते माह्या नावानं लागली होती.

मी फोन हातात घेतला.

'कोण बोलून रायलं?' मी म्हटलं.

थोडा वेळ नुसतं वारं. मंग माह्याच आवाजात, काळजीनं, कोणतीही आई विचारते तसं तिनं विचारलं, 'वर्षाली कुठवर आली?'

मले भ्या वाटलं का? वाटलं. पण त्याच्यापेक्षा राग जास्त आला. माहाच आवाज घेऊन माह्याच पोरीची चौकशी!

'ते या घरात आता कोणी विचारत नाई,' मी म्हटलं. 'माही जागा तेवढी राखून ठेव. उद्या ताप असो नाई तं नसो, मी येऊन बसतो. पण पोरगी देत नाई.'

अन् फोन ठेवला. आमी दोघं परातीच्या दोन बाजूले बसलो. फोन परत वाजला, वाजून थांबला, परत वाजला. पीठ वाळून जाईन म्हणून मी त्याच्यावर ओलं फडकं टाकलं. कोणीही कोणाले फोन केला नाई. कोणीही उठून रस्त्यावर पाहाले गेलं नाई. बसून रायलो.

मंग फाळका खडखडला. गाडी अंगणात शिरली. दार उघडलं, आपटलं. ओट्यावर चपला वाजल्या, घागरीतून पाणी घेतल्याचा आवाज आला, अन् वर्षाली म्हणली, 'आई, भूक लागली वं.'

तवा मी उठली अन् चूल पेटवली.